सॉल्व्हर नुसतं 'अशक्य' म्हणतो: लष्करी हालचालींचं वेळापत्रक आणि आपोआप नियोजन

तासिका

लष्करी हवाई वाहतुकीच्या वेळापत्रकाचा एक सरावाचा प्रश्न ओआर-टूल्सच्या सीपी-सॅटमध्ये (दिलेल्या बंधनांत बसणारं उत्तर शोधणारा सॉल्व्हर) मांडलाय. ६० फेऱ्या, सगळ्या सी-१७ या मालवाहू विमानाच्या. निघण्याची ठिकाणं ३, उतरण्याचं एकच. तिथे एका वेळी २ विमानं उभी राहू शकतात. माल उतरवून विमान रिकामं व्हायला २ तास १५ मिनिटं. एका बाजूचं उड्डाण ८ तास. विमानं २०. प्रत्येक फेरीचा माल तयार होण्याची वेळ वेगळी. सगळ्या फेऱ्या सी+४ ते सी+६ या ३ दिवसांत उतरून रिकाम्या व्हायला हव्यात (सी म्हणजे हालचाल सुरू होण्याचा दिवस). काळाचे तुकडे अर्ध्या तासाचे.

सॉल्व्हर दोन सेकंदांत 'अशक्य' म्हणून मोकळा. कुठे अडलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. एकेका फेरीची मुदत सैल करून पाहिली, फरक शून्य.

प्रश्न दोन आहेत. खरी लष्करी साधनं अशा वेळी काय करतात? आणि आखाती युद्धात डार्ट या अमेरिकी लष्कराच्या नियोजन साधनाने कमाल केली असं जिथेतिथे लिहिलेलं असतं, तर मग इतक्या वर्षांनीही पूर्ण योजना आपोआप का बनत नाही?

गॅन्टराव

आधी दुसऱ्या प्रश्नातला गुंता सोडवू. नियोजन आणि वेळापत्रक ही दोन वेगळी कामं आहेत. काय काय करायचं आणि कशानंतर काय, हे ठरवणं म्हणजे नियोजन. ठरलेली कामं कुठल्या साधनावर, किती वाजता, हे बसवणं म्हणजे वेळापत्रक. तुमच्या प्रश्नात ६० फेऱ्या आधीच ठरलेल्या आहेत, म्हणजे तो निव्वळ वेळापत्रकाचा आहे. त्या बाबतीत यंत्रं चांगली तयार झालीत. नियोजनाच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

नियोजनाची परंपराही जुनीच. १९७१ चं स्ट्रिप्स, पुढे कामाची उतरंड मोडत जाणारे नियोजक: एडिनबराचा ओ-प्लॅन, एसआरआय या संशोधन संस्थेचा साइप-२. हे दोन्ही १९९० च्या दशकात आर्पा (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था, हीच डार्पा) आणि हवाई दलाच्या रोम लॅबच्या उपक्रमात लष्करी प्रश्नांवर वापरून पाहिले गेले. 'तुकडी हलवा' हे मोठं काम द्यायचं, मग त्याचे 'बंदरापर्यंत न्या, चढवा, वाहून न्या, उतरवा' असे तुकडे पाडायचे, असं करत खाली जायचं. सगळी मेख ते तुकडे पाडण्याचे नियम लिहिण्यात. ते नियम अनुभवी अधिकाऱ्यांच्या डोक्यात असतात आणि परिस्थिती पालटली की तेही पालटतात. म्हणजे नियम लिहून होईपर्यंत ते शिळे.

जुनाट

डार्टबद्दल लोक जे लिहितात त्यात थोडं मीठमसाला असतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, वर्षअखेरीस जर्मनीतली अमेरिकेची सातवी कोअर (मोठं सैन्यदल) सौदीला हलवायची वेळ आली, त्या धामधुमीत डार्ट वापरात आलं. गाड्या, माल, माणसं मिळून ५०,००० पर्यंत गोष्टींच्या हालचाली त्यात बसत. याने डार्पाची तीस वर्षांची कृत्रिम बुद्धिमत्तेतली गुंतवणूक वसूल केली, हे वाक्य तिथूनच आलंय.

पण ते आतून काय होतं? टीपीएफडीडी नावाची प्रचंड यादी असते (बोलताना सगळे 'टिपफिड' म्हणतात): कुठली तुकडी, कुठून कुठे, कधी तयार, कधीपर्यंत पोचायला हवी. आधी ही यादी बदलणं म्हणजे मोठ्या संगणकावर बॅच लावा आणि वाट पाहा. डार्टने ती डेटाबेसमध्ये आणली, पडद्यावर तक्त्यासारखी बदलता येईल अशी केली, आणि बदल केला की वाहतूक झेपते का हे तिथल्या तिथे चालवून दाखवलं. योजना 'शोधणारं' यंत्र म्हणून ते गाजलं नाही. माणसाच्या योजनेतली भोकं झटपट दाखवणारं म्हणून गाजलं.

शेपूट

म्हणजे गाजलेलं एआय हे खरं तर चांगलं एक्सेल होतं 😄

जुनाट

@शेपूट, हसा. पण असं चांगलं एक्सेल तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

अवांतरवाली

अवांतर: 'लिनिअर प्रोग्रामिंग' (मर्यादांत बसणारं सर्वोत्तम उत्तर काढण्याचं गणित) मधल्या 'प्रोग्रामिंग'चा कॉम्प्युटर प्रोग्रामशी संबंध नाही. अमेरिकी हवाई दलात प्रशिक्षण आणि रसदीच्या नियोजित वेळापत्रकाला 'प्रोग्राम' म्हणत. गणितज्ञ डान्ट्झिगने १९४७ मध्ये ते सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत काढली ती त्याच कामासाठी. म्हणजे या धाग्याचा विषय हा त्या सगळ्या शास्त्राचा आजोबा आहे. तसंच पर्टही (प्रकल्पातल्या कामांचं वेळापत्रक आखायची पद्धत) १९५८ चं, पोलारिस क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पातलं.

पॅलेट४६३

मूळ प्रश्नाकडे. सॉल्व्हर उघडायच्या आधी कागदावर भागाकार करा.

उभं राहायच्या जागा (याला 'मॉग' म्हणतात, जमिनीवर एका वेळी जास्तीत जास्त किती विमानं) २. खिडकी ७२ तासांची. एका विमानाला २ तास १५ मिनिटं. ७२ भागिले २.२५ म्हणजे ३२. दोन जागांवर ६४. तुम्हाला हव्यात ६०. बसायला हवं.

आता तुमचं अर्ध्या तासाचं मोजमाप बघा. २:१५ अर्ध्या तासांत मावत नाही, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या कोडने ते वर ओढून २:३० केलं असणार. ७२ तासांचे १४४ तुकडे, एका विमानाला ५. १४४ भागिले ५ म्हणजे २८ आणि वर थोडं. दोन जागांवर ५६. मग ६० कुठून बसणार? सॉल्व्हर खरं बोलतोय, चूक तुमच्या घड्याळाची आहे. १५ मिनिटांचा तुकडा घ्या, म्हणजे २:१५ चे बरोबर ९.

एकेका फेरीची मुदत सैल करून काही झालं नाही, तेही यामुळेच. चार फेऱ्या जास्त आहेत, तुम्ही एका वेळी एकच बाहेर काढत होतात.

तासिका

दंडवत! कोडमध्ये खरंच वर गोल करणारी ओळ होती. १५ मिनिटं केल्यावर ४० सेकंदांत उत्तर आलं, साठच्या साठ बसल्या. पण ते त्याने स्वतः का नाही सांगितलं?

ऋणचक्र

कारण असं सांगणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळं मागावं लागतं.

नुसत्या वेळेच्या बंधनांपुरतं फार सोपं आहे. प्रत्येक घटना म्हणजे एक बिंदू, 'अ नंतर ब किमान इतक्या वेळाने' किंवा 'जास्तीत जास्त इतक्या वेळाने' म्हणजे वजन असलेला बाण. या जाळ्यावर बेलमन-फोर्ड (जाळ्यातले सर्वांत लहान मार्ग शोधणारी पद्धत) चालवायचा. वजनांची बेरीज ऋण येणारं चक्र सापडलं की बंधनांत विसंगती आहे, आणि ते चक्र हेच तिचं कारण. उदाहरण घ्या: माल १० व्या तासाआधी तयार नाही, चढवायला ३, उड्डाण ८, पोचायची मुदत २० वा तास. १० + ३ + ८ = २१. चक्राची बेरीज उणे १. साधन सांगू शकतं: 'ही चार बंधनं एकत्र नांदत नाहीत, १ तास कमी पडतोय, यातलं एक सोडा.' हजारो घटना असल्या तरी हे चटकन होतं, त्यामुळे माणूस पडद्यावर एक पट्टी सरकवतो तोवर तपासून होतं.

पण तुमचं अडलं होतं जागेवर, वेळेवर नाही. सामायिक साधन आलं की कोण आधी कोण नंतर हे निवडावं लागतं आणि ही सोय संपते. तिथे दोन मार्ग. एक, प्रत्येक बंधनाला एक बूलियन (हो किंवा नाही एवढंच असणारं चलपद) जोडून ते 'गृहीत' म्हणून द्यायचं. अशक्य आल्यावर सीपी-सॅट कुठल्या गृहीतांमुळे अडलं तो संच देतो. तो सगळ्यात लहान संच असेलच असं नाही, त्यामुळे एकेक काढून पुन्हा चालवत तो आणखी छाटावा लागतो. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: मुदत कडक ठेवूच नका. प्रत्येक फेरीला 'उशीर' नावाची संख्या द्या आणि ती कमीत कमी करायला सांगा. मग अशक्य येण्याऐवजी 'चार फेऱ्यांना उशीर' असं दिसतं.

गॅन्टराव

+१, एक सूचना जोडतो. सैल काय करायचं हे विचारपूर्वक ठरवा. मुदत हा माणसाने घेतलेला निर्णय आहे, तो सैल होतो. जमिनीवरचा वेळ, उभ्या राहायच्या जागा, उड्डाणाचा वेळ सैल होत नाहीत. सगळंच सैल केलं तर यंत्र एका जागेवर तीन विमानं उभी करून 'थोडासा दंड' (बंधन मोडल्याची गुणांतली किंमत) दाखवेल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही.

प्राधान्यासाठी १०,००० आणि १ अशी अवाढव्य वजनंही एकाच सूत्रात कोंबू नका. टप्प्यांनी चालवा. आधी न बसलेल्या फेऱ्या कमीत कमी, तो आकडा गोठवा, मग एकूण उशीर कमीत कमी, तोही गोठवा, मग बाकीचं. टप्प्यांनी केलेलं अधिकाऱ्याला समजावूनही सांगता येतं. 'वजन ०.३७ होतं म्हणून' हे कोणी ऐकून घेत नाही.

फळा_आणि_खडू

क्रू कुठे आहे? ८ तास जाणं, सव्वादोन तास जमिनीवर, ८ तास येणं, झाले १८ तास १५ मिनिटं. आधीची हजेरी आणि तयारी धरलीच नाही. अमेरिकी हवाई दलात सी-१७ च्या नेहमीच्या क्रूची कामाची मर्यादा १६ तास, जादा वैमानिक घेतला तर २४. म्हणजे तुमच्या वेळापत्रकातला प्रत्येक क्रू पहिल्याच फेरीत नियमाबाहेर गेलाय. एक तर सगळीकडे वाढीव क्रू धरा, नाहीतर वाटेतल्या तळावर ताजा क्रू बसवून ठेवा आणि विमान पुढे, माणसं विश्रांतीला, असं करा. त्यासाठी विमान आणि क्रू ही दोन वेगळी साधनं म्हणून मांडावी लागतात. नवशिक्या मॉडेलमध्ये ती हमखास एकमेकांना चिकटवलेली असतात.

पॅलेट४६३

आणि 'फेरी' म्हणजे नक्की किती माल? फक्त वजनाने भागलंत का? ४६३एल पॅलेटची (माल बांधायचा लष्करी प्रमाणित पाट) वापरता येणारी जागा ८४ बाय १०४ इंच, उंची ९६ इंचांपर्यंत, वजन १०,००० पौंडांपर्यंत. सी-१७ मध्ये पॅलेटच्या १८ जागा. तंबू, पलंग, वैद्यकीय साहित्य अशा हलक्या पण फुगीर मालाने १८ जागा भरतात आणि वजन मर्यादेच्या निम्म्यावरही जात नाही. उलट दारूगोळा असेल तर वजन आधी संपतं, जागा रिकामी राहते. नुसत्या टनांनी भाग दिला तर फेऱ्यांची संख्याच चुकते, मग वेळापत्रक कितीही सुरेख असो.

टन म्हणजे कुठला टन हेही बघा. अमेरिकी यादीत शॉर्ट टन असतो, २,००० पौंड, म्हणजे साधारण ९०७ किलो. जहाजाच्या बाजूला 'मेझरमेंट टन' भेटतो, तो वजनाचा नाहीच, ४० घनफूट जागेचा. एकाच रकान्यात दोन्ही आले की कार्यक्रम.

शेपूट

त्यात स्थानिक वेळ आणि झुलू वेळ (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी) मिसळा, चवीपुरतं.

अवांतरवाली

'शत्रूशी गाठ पडली की कुठलीही योजना टिकत नाही' हे जर्मन सेनापतीचं वाक्य अजून कोणीच टाकलं नाही. धाग्याचा दर्जा वाढलाय.

जुनाट

आलेल्या बदलांनुसार योजना पुन्हा बसवणं, हा भाग कोणी काढला नाही अजून. खरं काम तिथेच असतं. पहिली योजना बनवायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी एक विमान नादुरुस्त, एका तळावर धुकं, एका तुकडीचा माल एक दिवस उशिरा तयार. सॉल्व्हरला कोऱ्या पाटीवर पुन्हा चालवलंत तर तो नवं उत्तम उत्तर देईल आणि त्यात ६० पैकी ४५ फेऱ्यांची विमानं, वेळा बदललेल्या असतील. कागदावर अर्धा तास वाचला. जमिनीवर ४५ क्रूंना, इंधनवाल्यांना, माल चढवणाऱ्यांना नवे आदेश. असं दोनदा झालं की लोक साधन बंद करून फळ्याकडे जातात.

उपाय माहितीतला आहे. पुढच्या २४ तासांचं गोठवायचं, त्याला हात नाही. त्यापुढच्या दोन दिवसांत बदल चालेल पण प्रत्येक बदलाला दंड. त्याच्या पलीकडे मोकळं. उद्दिष्टात 'जुन्या योजनेपासून किती फेऱ्या सरकल्या' हा वेगळा टप्पा ठेवा, आणि अर्ध्या तासापेक्षा कमी सरकणं बदल म्हणून मोजू नका. जुनं उत्तर सीपी-सॅटला 'हिंट' म्हणून नुसतं दिलं तर भागत नाही. हिंट म्हणजे कुठून शोध सुरू करायचा एवढंच, ती बंधन नाही.

ऋणचक्र

कार्नेगी मेलन विद्यापीठाने अमेरिकेच्या एअर मोबिलिटी कमांडसाठी (हवाई दलाचा वाहतूक विभाग) केलेलं 'बॅरल अ‍ॅलोकेटर' याच विचाराचं. मोहिमांना विंगची (हवाई दलाच्या तुकडीची) विमानं आणि क्रू वाटून द्यायचं साधन. नवी मोहीम बसत नसेल तर ते सगळं उधळत नाही. अडवणाऱ्या दोनचार मोहिमा तात्पुरत्या उचलतं, नवी बसवतं, उचललेल्या दुसरीकडे बसतात का बघतं. बसल्या तर ठीक, नाहीतर होतं तसं परत. त्याशिवाय 'उशीर चालेल', 'दुसऱ्या विंगचं विमान चालेल' असे पर्याय माणसापुढे ठेवतं. निवडायचं त्याने.

फळा_आणि_खडू

फळ्याचा विषय निघालाच आहे तर. कतारमधल्या अल उदेद तळावर हवेत इंधन देणाऱ्या विमानांचं (टँकरचं) नियोजन २०१६ मध्येही पांढऱ्या फळ्यावर चालायचं. पुढे 'केसल रन' नावाने ओळखल्या गेलेल्या हवाई दलाच्या गटाने 'जिगसॉ' हे साधन दिलं. फळ्यावरचंच काम पडद्यावर आलं, टँकर आणि इंधन घेणारी विमानं सरकवता येतात, आणि किती इंधन कधी हवं ही आकडेमोड व तपासणी यंत्राकडे गेली. एवढ्यानेच फरक पडला. कारण फळ्यावरची एक सोंगटी हलवली की बाकीच्या बेरजा माणसाला हाताने पुन्हा कराव्या लागायच्या.

नवखा_क्ष

आता भाषा मॉडेलला सांगितलं की तेच वेळापत्रक करून देईल ना?

गॅन्टराव

@नवखा_क्ष, मसुदा देईल, आणि त्यात एका जागेवर तीन विमानं अतिशय आत्मविश्वासाने उभी करेल. अधिकाऱ्याच्या मजकुरातून बंधनं काढून द्यायला ते बरं. बंधनं पाळली का हे तपासणारा भाग वेगळा आणि साधाभोळाच हवा.

पॅलेट४६३

@तासिका, साठच्या साठ बसल्या म्हणून खूश होऊ नका. ६४ पैकी ६० भरल्या, म्हणजे दोन जागांच्या मिळून १४४ तासांत मोकळे ९. कुठलंही विमान ठरल्या मिनिटाला येत नाही. अमेरिकी हवाई वाहतुकीच्या नियोजनात यासाठी विमानतळाच्या क्षमतेला ८५ टक्क्यांनी गुणतात. ६४ चे ८५ टक्के म्हणजे ५४. तुमच्या सहा फेऱ्या हवेतच घिरट्या घालणार.

मॉडेलमध्ये हे घालायची सोपी युक्ती: जमिनीवरचा वेळ ०.८५ ने भागा. २:१५ चे होतात सुमारे २:३९. मोजमाप ५ मिनिटांचं घेऊन २:४० धरा, १५ च्या मोजमापात ते २:४५ होईल आणि पुन्हा तोच गोल करण्याचा घोळ. मग एक तर मुदत वाढवा, नाहीतर तिसरी जागा मिळवा, नाहीतर काही फेऱ्या दुसऱ्या तळावर वळवा. यातलं काय करायचं हे सॉल्व्हरचं काम नाही, सेनापतीचं आहे. तुम्ही फक्त किंमत सांगायची.

तासिका

२:४० धरून तीन दिवसांत ५४ च बसल्या, तुमच्या हिशेबाबरहुकूम. मुदत १२ तासांनी वाढवली तर ६२ ची जागा होते आणि ६० मावतात. वाढीव क्रूही घातला.

पण सॉल्व्हरने शेवटच्या १२ तासांत ढकललेल्या फेऱ्या पाहिल्या. त्यात विमानातून माल उतरवणाऱ्या यंत्राची, म्हणजे लोडरची, फेरी आहे. तिला दंड कमी होता म्हणून ५८ वी.

जुनाट

हा घ्या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा नमुना. लोडर नसेल तर पॅलेट उतरत नाहीत, सव्वादोन तासांचा आकडाच खोटा ठरतो. हे यादीत कुठेही लिहिलेलं नसतं. अशी शंभर बंधनं असतात.

पॅलेट४६३

'लोडर रिकामा झाल्याशिवाय पॅलेटची कुठलीही फेरी उतरणार नाही' असं पूर्वापर बंधन घाला. ६० हजार पौंडी लोडर एका वेळी सहा पॅलेट घेतो, त्यामुळे दोन्ही जागांवर एकदम काम चालायला किमान दोन धरा, दोन्ही पहिल्या फेऱ्यांत. घालताना एक सांभाळा: बंधन पॅलेटच्या फेऱ्यांनाच लावा, सगळ्यांना नको. लोडर स्वतःच्या चाकांवर रॅम्पवरून खाली येतो. त्यालाही 'आधी लोडर हवा' लावलंत तर चक्र होईल आणि सॉल्व्हर पुन्हा दोन सेकंदांत 'अशक्य' म्हणेल.